पाटाचे पाणी आणि इंजिनियरचे कर्तव्य

वकिली व्यवसायात वीस वर्षे काढलेल्या माणसाला पाण्याचे दावे नवे नसतात. पाट कोणाच्या शेतातून गेला, मोरी कोणी बुजविली, पाळी कोणाची होती आणि पाणी कोणी तोडले, या प्रश्नांची कागदपत्रे आमच्या टेबलावर वारंवार येत आली आहेत. ती चाळताना एक गोष्ट ध्यानी येते. बंधारा पक्का असतो, पाटाचा उतार बिनचूक असतो, पाण्याचे माप नकाशावर नोंदलेले असते. राहून गेलेले असते ते एवढेच की, हे पाणी कोणाचे, किती आणि कोणत्या अटीवर, हे घेणाऱ्यांना बरोबर घेऊन कोणी ठरविलेले नसते. इंजिनियर आपले काम संपवून दुसऱ्या ठाण्यावर जातो. मागे राहिलेला प्रश्न न्यायालयाच्या पायरीशी येतो. आणि न्यायालय तर वाटणी मोडल्यानंतरच बोलू शकते, वाटणी बसवून देणे त्याच्या हाती नसते.

इंजिनियरने लोकांत मिसळावे, समाजाचे ऋण फेडावे, असा उपदेश पदवीदानाच्या सभांतून नेहमी केला जातो. त्याचा सूर असा असतो की, पोटापाण्याचा धंदा एक आणि लोकसेवा हे फावल्या वेळचे पुण्यकर्म. आम्हांला हा भेद मान्य नाही. लोकांत बसून पाण्याचा निवाडा करणे हे इंजिनियरच्या कामाचेच अंग आहे. ते गाळले तर काम अपुरे राहते, असे इतिहास सांगतो. आपल्याच मुलखातील तीन उदाहरणांवरून हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिले उदाहरण खानदेशातील. पांझरा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत कित्येक शतके ‘फड’ पद्धतीने बागायत चालत आली. नदीवर दगडचुन्याचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात एका हंगामी एकच पीक; दरसाल पिकांची फिरती पाळी. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे साधारणपणे वेगवेगळ्या फडांत असत. पाऊस दगा देई तेव्हा एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा; मग तोटा एकट्याच्या कपाळी न येता सर्वांत वाटला जाई. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पीक कोणते घ्यायचे हे ठरवायला गावाची बैठक. बंधारे बांधणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी बंधारा आणि वाटणीचा नियम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी रचल्या, म्हणून त्यांचे काम टिकले.

दुसरे उदाहरण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. जन्माने ते म्हैसूरकडचे. पण इंजिनियर झाले ते पुण्याच्या कॉलेजात, आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर त्यांच्या आरंभीच्या कामगिऱ्यांपैकी एक होती ती याच पांझरेच्या परिसरात, धुळ्याजवळ दातर्ती येथे नळाचा वक्रनाल टाकण्याची. पुढे पुण्यात ते रानडे-गोखल्यांच्या वर्तुळात वावरले. सामान्य वाचक त्यांना ओळखतो तो खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की आपोआप उघडणारी आणि पूर ओसरला की आपोआप मिटणारी ती दारे १९०३ च्या सुमारास बसविली गेली. त्याच जातीची दारे पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर बसली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर निजाम सरकारने याच गृहस्थांना पाचारण केले आणि त्यांच्या सूचनांतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले, हे हैदराबादकर वाचकांना सांगायला नको. पण या कीर्तीच्या झोतात त्यांचे एक काम झाकले गेले आहे, आणि आमच्या विषयाला तेच महत्त्वाचे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यास पाटबंधाऱ्यांचे काम पाहात होते. नीरेच्या कालव्यावर तेव्हा असे चाले की, कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी हवे तितके पाणी ओढावे, आणि शेवटच्या गावांनी कोरड्या पाटाकडे पाहात बसावे. वर जमिनी पाण्याने फुगून खाराने नापीक होत, खाली पिके जळत. त्यावर विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. प्रत्येक गावी निचऱ्याची चांगली जमीन निवडून तिचे गट पाडायचे. गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर ऊस आणि उरलेल्यावर कमी पाण्याची पिके, असा फेर ठेवायचा. पाण्याचा करार काही वर्षांसाठी पक्का करायचा. पाणी तेवढेच, पण त्याचा लाभ अधिक गावांना. बागायतदारांनी आरंभी कडाडून विरोध केला. त्यांची समजूत घालणे हे भिंत बांधण्याहून सोपे काम नव्हते. परंतु ते केल्यावाचून योजना कागदावरच राहिली असती. खानदेशी फड आणि नीरेचा ब्लॉक यांतील साम्य कोणालाही दिसण्यासारखे आहे. भेद आहे तो मालकीचा. फडाचा नियम गावाचा होता, ब्लॉकचा करार सरकारचा. गावाचा नियम मोडणाऱ्याला शेजाऱ्याची लाज असे. सरकारी करार मोडणाऱ्याला फक्त दंडाची भीती. पुढे दख्खनच्या कालव्यांवर उसाचे वर्चस्व वाढत गेले आणि पाणी अनेकांपर्यंत नेण्याचा मूळ हेतू मागे पडला, त्याचे एक कारण आम्हांला या भेदात दिसते.

तिसरे उदाहरण त्याच नीरेच्या काठावरील तालुक्याचे. पुरंदर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा वाहते. पण तालुक्याचा बराच भाग उंचावर, पर्जन्यछायेत, कालव्याच्या आवाक्याबाहेर आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनियर विलासराव साळुंखे या भागात हिंडले. अचूक मोजमापाची उपकरणे तयार करण्याचा त्यांचा कारखाना होता. शेतीशी धंद्याचा संबंध नव्हता. रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेले शेतकरी पाहून त्यांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो इंजिनियरचाच होता: एवढे मनुष्यबळ पाणी अडविण्याकडे का लावू नये? नायगाव येथे गावच्या देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, तलाव अडविला आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथेच काम मांडले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ आकाराला आली.

तिचे नियम वकिलाने दोनदा वाचावेत असे आहेत. योजना एकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांवर वाटले जाईल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखी पाणी पिणारी पिके घेता येणार नाहीत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. आणि खर्चाचा २० टक्के हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा केला पाहिजे. देखभाल व वाटप त्यांच्याच हाती.

या नियमांचे धाडस समजण्यासाठी कायद्याची परंपरा पाहावी लागते. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने पाण्यावर सरकारची सत्ता बसविली. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने ओढ्याकाठच्या जमीनमालकाचा पाणी वापरण्याचा हक्क मानला. म्हणजे पाणी एक तर सरकारचे, नाही तर जमीनवाल्याचे. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला पाण्याच्या हिशेबात जागाच नाही. ती जागा साळुंख्यांनी करून दिली. ती कोणत्याही कायद्याच्या आधारावर नव्हे, गावाच्या संमतीवर उभी होती. महाराष्ट्राने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, हे स्वागतार्हच. पण त्यांचे सभासदत्वही लाभक्षेत्रातील जमिनीलाच जखडलेले राहिले. इंजिनियर जेथवर पोचला तेथवर आमचा कायदा पोचला नाही, ही कबुली आम्ही वकिलांनी द्यायला हवी.

साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या पद्धतीच्या काही उपसा योजना पुढे बंद पडल्या, हेही लपवू नये. विजेचे बिल, बाजारभावाची ओढ, शेजारच्या हिरव्या उसाचा मोह, यांच्यापुढे संमती पुष्कळदा दुबळी ठरते. संमती ही एकदा घेऊन ठेवण्याची वस्तू नव्हे. बंधाऱ्याप्रमाणे तिचीही दरसाल डागडुजी करावी लागते.

गोव्यातील वाचकांना हे पटवून देण्याची गरज नाही. तेथल्या खाजन जमिनींच्या बांधांना लाकडी दारे असतात. भरतीच्या रेट्याने ती मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. खडकवासल्याच्या दारांच्या कितीतरी आधीची ही स्वयंचलित दारे. मात्र ती आपोआप चालली तरी बांध आपोआप टिकत नव्हता. त्यावर गांवकरीची नजर असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर कसणाऱ्याला न्याय मिळाला, ते योग्यच झाले. पण बांधाची जबाबदारी ज्या कुळांच्या संघटनांकडे आली, त्या अनेक गावी उभ्याच राहिल्या नाहीत, आणि निगेवाचून बांध फुटले, शेते खारी झाली. दार शाबूत होते, दारामागची माणसांची घडी विस्कटली होती.

म्हणून आज जो तरुण इंजिनियर होऊन बाहेर पडतो आहे, त्याला आमची विनंती एवढीच. पाण्याचा प्रवाह मोजण्याची विद्या त्याला कॉलेजात मिळालीच आहे. तिच्याबरोबर त्याने पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत एकदा पायी जावे, तेथल्या माणसाशी बांधावर बसून बोलावे, आणि त्याला काय मिळणार हे आपल्या आराखड्यात लिहून ठेवावे. तो तेवढे करील तर आमच्या टेबलावरची काही कागदपत्रे कमी होतील, आणि त्या नुकसानीबद्दल आम्ही मुळीच तक्रार करणार नाही.