भाषणस्वातंत्र्य चळवळ, बर्कली

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात सप्टेंबर ते डिसेंबर १९६४ या काळात झालेले विद्यार्थी आंदोलन. आवारात राजकीय मत मांडणे, पत्रके वाटणे, सभासद नोंदवणे आणि निधी गोळा करणे यांचा हक्क मिळावा, ही त्याची मागणी होती. इंग्रजीत ते ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ या नावाने ओळखले जाते.

वाद सुरू झाला तो एका फुटपाथवरून. बँक्रॉफ्ट वे आणि टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यू हे रस्ते मिळतात तिथे, विद्यापीठाच्या दक्षिण दारापाशी, विद्यार्थी संघटना टेबले मांडून बसत. आवारात राजकीय प्रचाराला बंदी होती. ही पट्टी मात्र शहराची आहे, असे सगळे धरून चालले होते. ती विद्यापीठाचीच निघाली आणि १४ सप्टेंबरला डीन कॅथरीन टाउल यांच्या पत्राने तिथली टेबलेही बंद झाली. काही विद्यार्थी तेव्हा मिसिसिपीतून नुकतेच परतले होते. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून जिवावर उदार होऊन त्यांनी तिथे उन्हाळा काढला होता. अशा मुलांना टेबल आवरायला सांगणे म्हणजे ठिणगी टाकणेच होते.

बंदीविरुद्ध डावे एकटे उभे राहिले नाहीत. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचे तरुण समर्थकही सुरुवातीला त्यांच्याबरोबर होते. एकमेकांचे म्हणणे मुळीच न पटणाऱ्यांनी एकमेकांच्या बोलण्याच्या हक्कासाठी एकत्र यावे, हे या चळवळीचे सर्वांत मोलाचे अंग होय.

१ ऑक्टोबरला वांशिक समतेसाठी काम करणाऱ्या ‘कोर’ संघटनेच्या टेबलावर बसलेला माजी विद्यार्थी जॅक वाइनबर्ग याला पोलिसांनी अटक करून गाडीत बसवले. गाडी निघण्याआधीच विद्यार्थी तिच्याभोवती जमिनीवर बसले. वाइनबर्ग आत, गर्दी बाहेर, अशी ती गाडी ३२ तास जागची हलली नाही. तिचे छप्पर हेच व्यासपीठ झाले. वक्ते बूट काढून वर चढत आणि बोलत. विरोधकांनाही बोलू दिले जाई. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मारिओ सॅव्हिओ इथेच पुढे आला. लहानपणापासून तो बोलताना अडखळत असे.

विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्याशी समझोता झाला, समित्या बसल्या, पण आंदोलक विद्यार्थ्यांच्या शिक्षेचा प्रश्न लोंबकळत राहिला. २ डिसेंबरला सॅव्हिओच्या भाषणानंतर हजाराहून अधिक विद्यार्थी स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या देऊन बसले. गायिका जोन बाएझ त्यांच्यासाठी गायली. राज्यपाल पॅट ब्राउन यांनी पोलीस पाठवले आणि सुमारे ८०० जणांना अटक झाली. त्यानंतर विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला.

८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सिनेटने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी निर्णय दिला: भाषणाची वेळ, जागा आणि पद्धत यांविषयी विद्यापीठाने वाजवी नियम करावेत, आशयावर मात्र बंधन घालू नये. आजही कोणत्याही महाविद्यालयाला उपयोगी पडावी अशी ही कसोटी आहे. वर्ग चालू असताना त्याच्या दारात सभा नको, हा नियम झाला. अमुक मताची सभा नको, ही मुस्कटदाबी. जानेवारी १९६५ मध्ये स्प्राउल हॉलच्या पायऱ्या सभांसाठी खुल्या झाल्या.

राजकारणात या आंदोलनाचे उलटे पडसादही उमटले. बर्कलीतील ‘गोंधळ’ निस्तरण्याचे आश्वासन देत रोनाल्ड रेगन १९६६ मध्ये राज्यपालपदी निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये कर यांना पदावरून दूर करण्यात आले. कर यांच्यावर हा अन्यायच होता. कम्युनिस्ट वक्त्यांवरील बंदी १९६३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उठली होती.

याच बर्कलीत १ फेब्रुवारी २०१७ रोजी उजव्या विचारांचे वक्ते मायलो यिआनोपोलस यांचे भाषण हिंसक निदर्शनांमुळे रद्द करावे लागले. त्या रात्री १९६४ चा वारसा हरला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तेव्हा बंदी प्रशासनाची होती, आता ती जमावाने लादली. ऐकू इच्छिणाऱ्याचा हक्क दोन्ही वेळी सारखाच बुडाला.

सॅव्हिओ १९९६ मध्ये वारला. पुढच्या वर्षी स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांना त्याचे नाव देण्यात आले. समोरच्या चौकात फरशीमध्ये दगडाचे एक वर्तुळ बसवले आहे. त्याच्या मधोमध ६ इंच व्यासाची माती उघडी ठेवली असून ती माती आणि तिच्यावरचे आकाश कोणत्याही राष्ट्राच्या सत्तेखाली नाही, असा मजकूर कडेने कोरलेला आहे.