रेल्वेचे खेळ आणि हौशी हातांची भर

संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळांत हौशी लोकांनी भर घालण्याची प्रथा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली. मूळ खेळ कंपनीचा असे. त्यात नवे इंजिन, नवा मार्ग किंवा नवा सिग्नल बसवणारा माणूस मात्र नोकरी-शिक्षण सांभाळून रात्री संगणकापुढे बसणारा छांदिष्ट असे. अशा जोडकामाला मॉड म्हणतात. सुरुवातीच्या काळात मॉड हे बहुधा एकाच माणसाचे काम होते. तो ते फुकट वाटे, पण त्यात दुसऱ्याला हात घालू देत नसे. काम फुकट वाटणे आणि काम इतरांसाठी खुले करणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे कापले गेले, हे रेल्वेच्या खेळांत फार स्पष्ट दिसते.

या प्रथेची मुळे रेल्वेबाहेर आहेत. इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ काढला, तेव्हा त्यातील नकाशे, चित्रे आणि आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. ती फाईल बदलली की प्रोग्रामला धक्का न लावता नवा खेळ तयार होई. १९९७च्या अखेरीस कंपनीने डूमचा सोर्स कोडही जाहीर केला. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळावर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड रचला. प्रोग्राम त्यांनी स्वतःकडे ठेवला, नकाशे मात्र बाहेरच्यांकडूनही घेतले. त्यातला जगभर गाजलेला ‘डस्ट’ हा नकाशा डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश हौशी तरुणाचा आहे. कोणता भाग आपल्या हाती ठेवायचा आणि कोणता सर्वांना द्यायचा, हा प्रत्येक मॉडकर्त्यापुढचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

रेल्वेच्या खेळांत हा प्रश्न ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’मुळे पुढे आला. ख्रिस सॉयर यांचा हा खेळ १९९५ मध्ये आला. नकाशावर रूळ टाकावेत, स्थानके बांधावीत, गाड्या सोडाव्यात आणि कंपनी नफ्यात आणावी, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा सोर्स कोड कोणालाही उपलब्ध नव्हता. योसेफ ड्रेक्सलर यांनी ‘टीटीडीपॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो मूळ खेळ सुरू होताना संगणकाच्या स्मृतीतच त्यात बदल करी. पुढे या पॅचचा कोड खुला झाला आणि इतर प्रोग्रामर त्यात आले. पॅचमधून निघालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे ‘न्यूजीआरएफ’ ही फाईलची पद्धत. इंजिनाचे चित्र, वेग, शक्ती, किंमत, सेवेत येण्याचे वर्ष असा सगळा तपशील एका फाईलमध्ये भरता येऊ लागला. चित्र काढणाऱ्याला यंत्रभाषा यायची गरज उरली नाही. प्रत्येक संचाला वेगळा ओळख-क्रमांक असल्यामुळे एकाचे जर्मन डबे दुसऱ्याच्या ब्रिटिश इंजिनांवर आदळत नसत. मॉड खुला करताना दरवाजा कोठे काढावा, याचे इतके चांगले उदाहरण विरळाच.

२००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेयस यांनी मूळ खेळ उलगडून तो नव्याने लिहिला आणि ‘ओपनटीटीडी’ या नावाने कोडसह प्रसिद्ध केला. तरीही चित्रे आणि आवाज जुन्या खेळातूनच घ्यावे लागत, आणि त्यांवर मालकी दुसऱ्याची होती. ती अडचण हौशी चित्रकारांनी सोडवली. हजारो छोटी चित्रे एकेक करून नव्याने काढली गेली, आवाज आणि संगीतही नवे तयार झाले. हे पुरे झाल्यावर १ एप्रिल २०१० रोजी १.० ही आवृत्ती निघाली. त्यानंतर जुन्या खेळाची प्रत जवळ नसली तरी ओपनटीटीडी खेळता येऊ लागला.

मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये आला. कुजू या ब्रिटिश कंपनीने तो बनवला होता. यात नफ्या-तोट्याचा हिशेब नव्हता. खेळणारा इंजिनाच्या केबिनमध्ये बसून ब्रेक, थ्रॉटल आणि सिग्नल सांभाळी. सोबत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि जपानमधले सहा मार्ग होते. भारतातला एकही नव्हता. पण मार्ग तयार करण्याची साधने खेळाबरोबरच दिलेली होती, आणि इंजिनाच्या फाईली साध्या मजकुराच्या होत्या. साध्या मजकूर-संपादकात उघडून ओढशक्तीचा आकडा बदलावा, इतके ते सोपे होते. भारतीय रेल्वेप्रेमींना एवढी फट पुरेशी होती. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आयआरएफसीए या त्यांच्या मंडळाने इंजिने, शेड आणि सिग्नल यांची माहिती आधीपासूनच गोळा केली होती. तिच्या आधारे डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ अशी इंजिने आणि निळे डबे पडद्यावर आले. या कामाचे सहज तुकडे पडतात: एकजण त्रिमितीय सांगाडा करतो, दुसरा रंग चढवतो, तिसरा फलाटावर उभा राहून भोंगा आणि अल्को बनावटीच्या डिझेल इंजिनाची धडधड ध्वनिमुद्रित करून आणतो, चौथा आकड्यांशी झुंजून गाडी खऱ्यासारखी जड करतो.

मार्ग उभा करणे मात्र वेगळ्या तोलाचे काम आहे. या खेळात जमीन सुमारे दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली असते. उदाहरणार्थ, कल्याण ते कर्जत हे अंतर साधारण ४६ किलोमीटर, म्हणजे निदान पंचवीसेक चौकोन. त्यांत विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ आणि भिवपुरी रोड अशी ओळीने स्थानके येतात. उंचसखलपणासाठी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीची आकडेवारी हौशी लोकांना मिळू लागली. अमेरिकेबाहेर ती सुमारे ९० मीटर अंतराने होती. उल्हास खोऱ्याच्या सपाटीला तेवढी पुरते. कर्जतच्या पुढे बोरघाटात, जिथे ३७ फुटांना एक फूट चढ आहे आणि गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, तिथे कडे आणि दऱ्या बोथट होतात आणि जमीन हाताने उचलावी-खोदावी लागते.

शिवाय खरा मार्ग स्थिर राहत नाही. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेण्याचे काम २०१५ मध्ये पुरे झाले. पिवळ्या-तपकिरी लोकल गेल्या, सीमेन्सची यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या आल्या, त्यानंतर बंबार्डियरच्या आल्या. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीसारख्या भागांत रुळांच्या बाजूने दिसणारी क्षितिजरेषा इमारतींनी पार बदलली. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि अंबरनाथ-बदलापूर दरम्यानचे चिखलोली स्थानक ही कामेही हाती घेतली गेली. एका माणसाने २००५ मध्ये बांधलेला आणि कुलूप लावून ठेवलेला मार्ग अशा वेळी जुना पडतो. जुन्या काळाचा दस्तऐवज म्हणून त्याची किंमत राहते, पण तो पुढे वाढत नाही.

कुलूप हा शब्द इथे योग्यच आहे. त्या काळच्या बहुतेक मॉडबरोबर एक ‘रीड मी’ फाईल येई आणि तिच्यात अट असे: विकू नका, बदलू नका, परवानगीशिवाय इतरत्र ठेवू नका. अट घालणाऱ्याची भीती खोटी नव्हती; फुकट दिलेले काम उचलून पैसे घेऊन विकणारे लोक होतेच. पण कर्ता छंद सोडून गेला, त्याचा पत्ता बदलला, की परवानगी मागायची कोणाकडे? चूक दिसत असूनही कोणी ती दुरुस्त करू शकत नसे. चोरीपासून बचाव करणाऱ्या अटीनेच कित्येक चांगली कामे कायमची गोठवली.

या छंदातले सहकार्याचे मोठे धडे एका नीरस फाईलने दिले. ट्रेन सिम्युलेटरमधील रुळांचा प्रत्येक तुकडा, मग तो सरळ असो, वळणाचा असो की सांध्याचा, ‘टीसेक्शन डॉट डॅट’ या एकाच फाईलमध्ये क्रमांकाने नोंदलेला असे. कंपनीने दिलेले तुकडे अपुरे पडले, म्हणून हौशी लोकांनी स्वतःचे तुकडे बनवून स्वतःचे क्रमांक दिले. दोघांनी एकच क्रमांक घेतला की एकाच्या संगणकावर दुसऱ्याचा मार्ग उघडत नसे, किंवा रुळांच्या जागी भलतेच काही दिसे. अखेर सर्वांसाठी एकच प्रमाण फाईल राखण्याचे ठरले. नवा तुकडा करणाऱ्याने क्रमांकांचा पट्टा मागून घ्यायचा, राखणारा तो नोंदवणार आणि नवी क्रमांकित आवृत्ती सर्वांना देणार, अशी रीत पडली. ‘एक्सट्रॅक्स’ हा रुळांचा संच या व्यवस्थेमुळेच देशोदेशीच्या मार्गांत वापरता आला. या कामात कौतुक मिळण्यासारखे काहीच दिसत नाही, तरी ज्यांनी ही फाईल सांभाळली त्यांचे ऋण सुंदर इंजिने बनवणाऱ्यांपेक्षा कमी नाही.

मायक्रोसॉफ्टने खेळाची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये रद्द केली. नंतर स्वतःच्याच एसेस स्टुडिओकडे सोपवलेला दुसरा प्रयत्नही जानेवारी २००९ मध्ये तो स्टुडिओ बंद झाल्याने संपला. कंपनीची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे तेव्हा उघड झाले. त्याच वर्षी ‘ओपन रेल्स’ हा प्रकल्प सुरू झाला. जुन्या खेळासाठी केलेले मार्ग आणि इंजिने वाचू शकेल असा संपूर्ण नवा प्रोग्राम, आणि तोही जीपीएल परवान्याखाली, असा त्याचा आराखडा होता. या परवान्याने बदल करण्याची मोकळीक मिळते. बदललेला प्रोग्राम वाटणाऱ्याने मात्र पुढच्यालाही तीच मोकळीक आणि कोड द्यावा लागतो. ओपन रेल्सची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. बाहेरून आलेला बदल थेट पक्क्या आवृत्तीत जात नाही: दुसरा प्रोग्रामर तो तपासतो, मग तो चाचणीच्या आवृत्त्यांत वापरून पाहिला जातो आणि निभावला तर पुढे सरकतो. ‘ओपनबीव्हीई’ या दुसऱ्या सिम्युलेटरचा कोड सार्वजनिक मालकीत दिलेला होता. त्याच्या मूळ कर्त्याने काम सोडल्यावर इतरांनी ते उचलले आणि प्रकल्प चालू राहिला.

भर घालण्यासाठी प्रोग्रामर असणेही आवश्यक नाही. ओपनटीटीडीतील प्रत्येक वाक्य भाषेच्या स्वतंत्र मजकूर-फाईलमध्ये एकेका ओळीवर असते, आणि अनुवादकाला केवळ उजवी बाजू भरायची असते. खेळाच्या कोडमध्ये मराठीचीही अशी फाईल आहे. देवनागरीसाठी खेळाची मूळ चित्राक्षरे चालत नाहीत, संगणकावरचा फॉन्ट वापरावा लागतो. महिरपी कंसांतल्या खुणांच्या जागी खेळ आकडे आणि नावे घालतो, म्हणून वाक्यरचना मराठी वळणाची करताना त्या खुणा सांभाळाव्या लागतात. एका ओळीपासून सुरुवात करता येते, आणि उरलेल्या ओळी एकाच माणसाने भराव्यात अशी अट नाही.