खणण्यापूर्वी विचारावे

इतिहास म्हणजे जमिनीवर घडलेल्या गोष्टींची नोंद, अशी आपली साधारण समजूत असते. किल्ले, वाडे, रणांगणे हे सारे उघड्यावरचे. परंतु प्रत्येक नगराला दुसराही एक इतिहास असतो आणि तो आपल्या पायांखाली पुरलेला असतो. पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा, जळणाच्या वायूच्या वाहिन्या यांचा तो इतिहास. जे पुरले ते कोठे पुरले, हे माणसाने लक्षात कसे ठेवले आणि विसरल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभ रोमपासून करू. रोमला पाणी पुरविणारे कालवे म्हटले की उंच कमानी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात त्यांची बहुतेक लांबी जमिनीखालून जात असे. इ. स. पू. 11 मध्ये तेथील सिनेटने ठराव केला की, कमानी व भिंती यांच्या दोन्ही बाजूंस 15 फूट आणि शहरातील भुयारी मार्गांच्या दोन्ही बाजूंस 5 फूट जागा मोकळी सोडावी. तेथे घर, थडगे वा झाड असू नये. काही कालव्यांच्या मार्गावर 240 फुटांच्या अंतराने रोवलेले, क्रमांक घातलेले दगड सापडले आहेत. पुढे इ. स. 97 मध्ये फ्राँटिनस हा पाणीखात्याचा अधिकारी झाला. त्याने सर्व कालव्यांचे नकाशे करवून घेतले. जागेवर न जाताही जागा डोळ्यांपुढे असावी, हा त्याचा हेतू. जमिनीवर खूण आणि दप्तरात नकाशा, ही दोन्ही साधने इतकी जुनी आहेत.

आता आपल्या पुण्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. कोंडलेली हवा बाहेर जावी, हे त्यांचे मूळ काम. परंतु न सांगता त्यांनी दुसरेही एक काम केले. खाली काय आहे हे वरून चालणाऱ्याला त्यांनी कळविले. नकाशा हरवला तरी उच्छ्वास उभा राहिला.

रोम काय किंवा पुणे काय, तेथे नळाचा धनी बहुधा एकच, म्हणजे सरकार. एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. मुंबईचेच पाहा. 1860 साली विहार तलावाचे पाणी नळाने आले, 1865 मध्ये रस्त्यांवर वायूचे दिवे लागले, 1882 मध्ये दूरध्वनी आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेवरची ट्राम धावू लागली. प्रत्येक सोयीबरोबर रस्त्याच्या पोटात एक नवा भाडेकरू शिरला. प्रत्येकाचा मालक निराळा, नकाशा निराळा आणि कपाटही निराळे. जगातील बहुतेक मोठ्या शहरांची हीच कथा आहे. ज्ञान नव्हते असे नाही. ते वाटले गेले होते, आणि कुदळ ज्याच्या हाती असे त्याच्यापर्यंत ते पोचत नसे.

या वाटणीची किंमत मोठी होती. 16 जून 1976 रोजी अमेरिकेत, लॉस एंजेलिसमधील व्हेनिस बुलेव्हार्ड या रस्त्याच्या रुंदीकरणात खोदकामाच्या यंत्राने पेट्रोलची वाहिनी फुटली आणि आगीत नऊ माणसे दगावली. बेल्जियममधील गिलेंगियाँ येथे 30 जुलै 2004 रोजी वायुवाहिनीचा स्फोट होऊन 24 माणसे मेली. तेथे वाहिनीला इजा आधीच्या बांधकामात, मातीकाम करणाऱ्या यंत्राने झाली होती. जखम एका दिवशी झाली आणि मृत्यू दुसऱ्या दिवशी आला. धक्का लागला आणि काही झाले नाही, म्हणून गप्प बसणे किती घातक, हे येथे दिसते.

यावर उपाय कोणता निघाला? यंत्रे तर आलीच. धातूच्या वाहिनीत विद्युत्प्रवाह सोडून तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वरून टिपता येते. प्लास्टिकच्या नळातून प्रवाह जात नाही, म्हणून त्याच्यासोबत तार पुरतात. रडारने जमीन तपासता येते. मात्र आपल्या दख्खनच्या ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. यंत्राला अशा मर्यादा आहेत. खरा उपाय निघाला तो रिवाजाचा. खणणाऱ्याने आधी एकाच ठिकाणी कळवावे, प्रत्येक मालकाने येऊन आपली वाहिनी जमिनीवर रंगाने आखावी, आणि तोवर खणणाऱ्याने थांबावे. अमेरिकेत तांबडा रंग विजेचा, पिवळा वायूचा व तेलाचा, नारिंगी दूरसंचाराचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा. जेथे खणावयाचे ती जागा पांढऱ्याने दाखवावयाची. 2005 मध्ये तेथे या कामासाठी 811 हा एकच क्रमांक ठरला आणि 2007 पासून तो देशभर चालू झाला. रेघ खोली सांगत नाही, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस, बहुतेक राज्यांत 18 ते 24 इंचांपर्यंत, यंत्र न लावता हाताने जपून खणतात.

आपल्याकडे 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू झाले. अशा खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारी अंदाज त्या वेळी सांगितला गेला. परंतु अ‍ॅप हे केवळ दार आहे. त्यातून जाण्याची सवय समाजाने लावून घ्यावयाची असते.

रुपयांचा हिशेब होतो. चरात उतरलेल्या माणसाचा होत नाही. पहार मारणाऱ्या मजुराने नकाशा पाहिलेला नसतो, तो त्याला कोणी दाखवलेलाही नसतो. मुकादम म्हणतो ‘खण’, आणि तो खणतो. मालकाने खूण करणे आणि ठेकेदाराने विचारणे ही दोन कर्तव्ये चुकली, तर शिक्षा भोगतो तो तिसराच. म्हणून पुढे कधी आपल्या गल्लीत चर पडू लागला, तर आपण नागरिकांनी निदान एक प्रश्न करावा : खाली काय आहे ते विचारले आहे काय, आणि खुणा कोठे आहेत? या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत कुदळ थांबली, तर एक दिवस वाया जाईल; परंतु सकाळी कामावर आलेला माणूस संध्याकाळी घरी पोचेल.