डीपफेक : तंत्र, कायदा आणि संमती

एखाद्या व्यक्तीचा चेहरा, आवाज किंवा हावभाव संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याच दृश्यावर वा ध्वनीवर बसवून, ती व्यक्ती न बोललेले बोलते आहे अथवा न केलेले करते आहे, असा भास निर्माण करणारी सामग्री म्हणजे डीपफेक. ‘डीप लर्निंग’ ही यंत्रशिक्षणाची पद्धती आणि ‘फेक’ म्हणजे बनावट, यांच्या जोडातून बनलेला हा शब्द २०१७ पासून रूढ झाला. पूर्वी अशा कामाला निष्णात तंत्रज्ञ लागत. आज समाजमाध्यमांवरील काही छायाचित्रे आणि अल्पशी ध्वनिफीत पुरते.

गाजलेली प्रकरणे

नोव्हेंबर २०२३ मध्ये मूळच्या कोडगू जिल्ह्यातील अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच युवतीच्या चित्रफितीवर बसवण्यात आला. गुन्हा दिल्लीत नोंदवला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये संशयिताला आंध्र प्रदेशात अटक झाली. त्याच महिन्यात सचिन तेंडुलकर यांच्या बनावट चित्रफितीद्वारे एका गेमिंग ॲपची जाहिरात करण्यात आली; मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्याबाबत गुन्हा नोंदवला. आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम आदेशाने मनाई केली.

सीमाभागातील प्रश्न

नामवंतांमागे वकील उभे असतात. सामान्य कुटुंबाचे तसे नसते. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, तर औराद, भालकी म्हैसूर राज्यात गेले. सीमा आखली गेली, सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत.

समजा, भालकीतील एका तरुणीची बनावट अश्लील चित्रफीत उदगीरच्या नातलगांच्या मोबाइलवर प्रथम दिसली आणि ती बनवणारा तिसऱ्याच राज्यात आहे. अशा वेळी हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हीच ‘झिरो एफआयआर’. तिची प्रत विनामूल्य मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो. कर्नाटकात या कामासाठी जिल्हा पातळीवर ‘सीईएन’ पोलीस ठाणी आहेत.

कोणती कलमे लागू होतात?

भारतात डीपफेकसाठी स्वतंत्र फौजदारी कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क म्हणून ओळखले जाणारे ‘६६सी’ ओळखचोरीला, तर ‘६६डी’ तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीला लागू होते. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लैंगिक कृत्य दाखवणारी सामग्री प्रसारित केल्यास ‘६७ए’नुसार पहिल्या गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कारावास व १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम प्रसारणालाही लागू असल्याने ‘मी केवळ पुढे पाठवली’ हा बचाव ठरत नाही. प्रतिष्ठेस हानी पोहोचवण्यासाठी केलेली बनावट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली, तर अब्रुनुकसानी कलम ३५६ खाली येते.

फेब्रुवारी २०२६ मधील नियमदुरुस्तीनंतर कृत्रिम सामग्रीवर तसे स्पष्ट चिन्ह असणे बंधनकारक झाले असून, विवस्त्र अथवा तोतया प्रतिमांविषयी पीडित व्यक्तीची तक्रार आल्यास ती हटवण्याची २४ तासांची मुदत २ तासांवर आणली गेली आहे.

संमतीचा अर्थ

छायाचित्र काढू देणे म्हणजे ते पसरवण्यास परवानगी देणे नव्हे. न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे : स्त्रीने खासगी क्षण टिपण्यास संमती दिली तरी ते तिऱ्हाइताला दाखवण्यास तिची संमती नसल्यास प्रसारण हा गुन्हाच ठरतो. डीपफेकमध्ये मात्र मुळात काहीच टिपलेले नसते. त्यामुळे ‘टिपलेल्या’ प्रतिमेभोवती रचलेली कलमे येथे तोकडी पडतात आणि ओळखचोरी, बनावट व अश्लीलता यांचा आधार घ्यावा लागतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या साऱ्याच्या मुळाशी आहे. तो मिळवणारे याचिकाकर्ते, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते.

पीडिताने काय करावे?

घाबरून चित्रफीत पुसून टाकू नये. दुवा, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवावी. मूळ संदेश जपावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. संबंधित समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. कुटुंबीयांनी प्रथम ध्यानी घ्यावे ते इतकेच, की दोष चेहरा चोरणाऱ्याचा आहे. जिचा चेहरा चोरला गेला, तिचा नव्हे.