राखणदार भूत कधी झाला?

मंडळी, दादरच्या मंडईत आपण रोज ज्याचा भाव विचारतो तो ‘टोमॅटो’ मेक्सिकोच्या नाहुआट्ल भाषेतला शब्द, स्पॅनिशमार्गे जगभर गेलेला. त्याच भाषेतला दुसरा शब्द ‘नाहुआल’. म्हणजे जनावराचं रूप घेणारा मांत्रिक, किंवा माणसाशी जन्मापासून जोडलेलं जनावर.

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्यांना हे फार परकं वाटू नये. गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या आजोबांनी आपल्याला राखणदार सांगितला. तो माणूस नव्हे, जागेचा रक्षक. कधी नाग होऊन दिसणारा, कधी घोंगडी-काठी घेऊन शीव फिरणारा. आरवलीच्या वेतोबाला आजही चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा.

आता गंमत बघा. सोळाव्या शतकात साहागून नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने स्थानिकांना विचारून लिहून ठेवलं, की नाहुआल चांगलाही असतो आणि वाईटही. चांगला म्हणजे सल्ला देणारा जाणता माणूस. पण १६२९ मध्ये रुईस दे आलार्कोन या पाद्र्याने ग्रंथ लिहिला तोच मुळी जुन्या श्रद्धा उपटून काढण्यासाठी. अशा लिखाणात नाहुआल सैतानाचा साथीदार झाला.

आपल्याकडे काय झालं? नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा केल्या. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढे एन्थोवेन यांनी ते कागद संपादित केले. कोकणचा खंड १९१५ चा, छापला आपल्या माझगावात. त्यात वेताळ, देवचार, मुंजा, समंध, गिऱ्हा सगळे भुतांच्या एकाच यादीत! आजीचा राखणदार आणि विहिरीवरचा गिऱ्हा एका रांगेत. माहिती आपल्याच मास्तरांची, मांडणी साहेबांची. तळटीपेत बहुतेक ठिकाणी मास्तरांचं गाव आहे, नाव नाही.

तरी त्यांनी लिहिलं म्हणून निदान तेवढं उरलं. आपण काय लिहिलंय? १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, गॅलरीतल्या रात्रीच्या गप्पा थांबल्या. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. श्रद्धा ठेवा, नका ठेवू, तो तुमचा प्रश्न. पण यंदा गणपतीला गावी गेलात तर आजीला विचारा, आपला राखणदार कोणत्या रूपात दिसायचा? तिच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करा. आणि गावाच्या नावासोबत तिचंही नाव लिहा.