पथकराची न दिसणारी वही

रस्त्यावरील कर जितका जुना, तितकीच तो देण्यासाठीं थांबण्याची कटकटही जुनी आहे. मोटारींची संख्या वाढली, तेव्हां पैसे जाण्यापेक्षां नाक्यावर खोळंबणेंच लोकांना अधिक जाचूं लागलें.

अमेरिकेंत विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानें १९५९ सालीं वॉशिंग्टन शहरासाठीं एक तोडगा सुचविला. प्रत्येक मोटारीस एक लहानसें बिनतारी यंत्र बसवावें, रस्तोरस्तीं त्याची खूण टिपण्याची सोय करावी, आणि मागाहून मालकाकडे हिशेब पाठवावा, अशी ती योजना होती. या यंत्रास ट्रान्स्पाँडर, म्हणजे हांकेस उत्तर देणारें यंत्र, म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत आपलीं विमानें परक्यांपासून ओळखण्यास याच जातीचीं यंत्रें वापरलीं होतीं. शत्रु ओळखण्याची युक्ति मित्राकडून पैसे घेण्यास उपयोगी पडावी, हा काळाचा विनोदच! वॉशिंग्टननें मात्र ती योजना स्वीकारली नाहीं.

खरी कसोटी लागली ती हाँगकाँगमध्यें. तेथें १९८३ ते १९८५ या काळांत सुमारे अडीच हजार मोटारींच्या पोटाखालीं विजेच्या सांकेतिक पाट्या बसविण्यांत आल्या, आणि रस्त्यांत तारांचे वेढे पुरण्यांत आले. मोटार वेढ्यावरून गेली, कीं तिचा क्रमांक मुख्य कचेरींत नोंदला जाई. यंत्रांनीं आपलें काम चोख केलें. योजना बुडाली ती अन्य कारणांनीं. मोटारींवरील कर नुकतेच वाढले होते, आणि आपण कोठें व केव्हां गेलों याची सरकारदप्तरीं नोंद राहणार, हें नागरिकांना रुचलें नाहीं. १९९७ मध्यें शहर चीनच्या हातीं जाणार हें १९८४ मध्यें ठरलें होतें, हें ध्यानीं घेतां त्यांची धास्ती वेडगळ म्हणतां येणार नाहीं.

सिंगापूरनें १९९८ मध्यें निराळा मार्ग धरला. कांचेजवळ बसविलेल्या यंत्रांत पैसे भरलेलें कार्ड घालावयाचें. कमानीखालून जातांना त्यांतूनच रक्कम कापली जाई. महिन्याच्या बिलाची गरजच उरली नाहीं.

भारतांत नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०१० मध्यें याहून स्वस्त साधन सुचविलें. २०१४ मध्यें मुंबई-अहमदाबाद मार्गावर त्याचा प्रयोग झाला, आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर तें सक्तीचें झालें. तेंच फास्टॅग. या चिकटपट्टींत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतें. पट्टीवरील धातूची पातळ रेघ त्या लहरींतूनच आपल्यापुरती वीज घेते, आणि उरलेली लहर किंचित् बदलून परत धाडते. त्या बदलांत पट्टीचा क्रमांक असतो. आरशानें उन्हाची तिरीप परतवून दूरच्या माणसास खूण करावी, तसाच हा प्रकार. परतलेल्या लहरींनीं संदेश पाठविण्याच्या या कल्पनेवर हॅरी स्टॉकमन यांनीं १९४८ मध्येंच निबंध लिहिला होता.

धातु लहरींना अडवितो. म्हणून ही पट्टी पत्र्यावर न लावतां पुढल्या कांचेच्या आंतल्या अंगास, आरशाच्या मागें चिकटवितात. पैसे बँकेशीं जोडलेल्या खात्यांतून जातात. कोणत्या नाक्यावर किती कापले, तें मालकाच्या टेलिफोनवर लगेच येतें. हाँगकाँगकरांनीं नाकारलेली वही ती हीच. मात्र येथें तिची एक ओळ मालकालाही वाचावयास मिळते.

पुष्कळ लोक पट्टी न चिकटवितां हातांत धरून दाखवूं लागले. तेव्हां जुलै २०२५ मध्यें राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें अशा सुट्या पट्ट्या काळ्या यादींत टाकण्याचा आदेश काढला. यंत्र क्रमांक वाचतें, मोटार ओळखत नाहीं; पट्टी सुटी राहिली, तर एका वाहनाचा कर दुसऱ्याच्या नांवें पडूं शकतो.