घरपट्टीच्या बिलातला इतिहास

आज येताना एक कागद बरोबर आणलाय. कुठल्याही दफ्तरखान्यातला नाही, साधं मुंबई महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात असेल. आपण खालचा आकडा बघतो आणि भरून टाकतो. आज मात्र आपण वरच्या ओळी वाचूया. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनि:सारण कर, मलनि:सारण लाभ कर, वृक्ष उपकर, पथकर... यातल्या एकेका ओळीमागे शे-दीडशे वर्षांचं भांडण आहे.

सुरुवात मलनि:सारण करापासून करू. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात या कराचं नाव वेगळं होतं. ते होतं ‘हलालखोर कर’. हो, कायद्याच्या पुस्तकात छापलेलं हेच नाव. हलालखोर म्हणजे हलालाचं, कष्टाचं खाणारा. झाडूवाल्यांसाठी हा शब्द अकबराने रूढ केला असं अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलंय. शब्द सन्मानाचा, पण काम कोणतं? तर जुन्या मुंबईत दोन घरांच्या मध्ये अरुंद घरगल्ली असायची. संडासाखाली टोपली असायची. ती टोपली माणूस डोक्यावर घेऊन जायचा. त्या कामाचा खर्च घरमालकाकडून वसूल करायचा, तोही घराच्या भाड्याच्या अंदाजावर टक्केवारीने. वर्षाला जे भाडं येऊ शकेल त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर बसवायचा.

आता थोडं मागे जाऊ. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं. शहराला आनंद झाला, तो साहजिकच होता. पण घरात आलेलं पाणी बाहेरही पडावं लागतं, याचा हिशेब कोणी केला नव्हता! शहरातला मुख्य नाला मुळात उघडा होता. तो सखल भागातून वाहत वरळीच्या बाजूला लव्हग्रोव्हकडे समुद्राला मिळायचा. पावसाचं पाणी, सांडपाणी, मैला, सगळं त्यातच. भरती आली की नाला तुंबणार. पाणी आधी आणि गटार मागाहून, ही आपल्या शहरांची खोड तेव्हापासूनची आहे.

१८६५ साली नवा कायदा आला आणि आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. धडाक्याचा माणूस. रस्ते केले, गटारं केली, बाजार बांधला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट, भेंडी बाजार. दिवे लावणारा पुढे आणि बघ्यांची गर्दी मागे, अशी वर्णनं आहेत. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३चं, म्हणजे ते पुस्तक या उजेडाच्या दोन वर्षं आधीचं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पण उजेडाचं बिल येतंच. १८६५मध्येच कापसाचा सट्टा कोसळला होता, बँका बुडाल्या होत्या. तिकडे क्रॉफर्डसाहेबांचा खर्च काही थांबेना. १८७१पर्यंत करदात्यांचा संताप टोकाला गेला. कमिशनरला आवरा, अशी सगळ्यांची मागणी. अशा वेळी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला, फिरोजशहा मेहता. तो उलटंच बोलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, दोष एकट्या कमिशनरचा नाही, व्यवस्थेचा आहे. कारभारावर नजर ठेवणारे जस्टिस सरकारने नेमलेले, लोकांना जबाबदार नाहीत. उपाय एकच, करदात्यांनी निवडलेली सभा. त्या दिवशी ते कोणाला फारसं पटलं नाही. पण १८७२च्या कायद्यात ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले! पुढे १८८८चा कायदा घडवण्यातही मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा हात होता.

म्हणजे बघा, मुंबईकरांना शहरात मत मिळालं ते गटाराच्या आणि दिव्याच्या बिलावरच्या भांडणातून.

पण कोणाला मिळालं? जो कर भरतो त्याला. टोपली उचलणाऱ्याला नाही. ज्याच्या नावाने कर वसूल होत होता, त्यालाच त्या करावर बोलायचा अधिकार नव्हता. महापालिकेच्या निवडणुकीत सर्व प्रौढांना मत मिळालं ते थेट १९४८ साली. मधल्या काळात कामगारांना स्वतःची संघटना करावी लागली. म्युनिसिपल कामगार संघामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, ते उगाच नाही.

आता दुसरी ओळ, किंवा खरं म्हणजे नसलेली ओळ. या बिलात पावसाचा कर शोधा. सापडणार नाही. दिव्याचाही नाही. १८८८च्या कायद्याच्या कलम ६१मध्ये गटारं बांधणं, साफ ठेवणं, रस्त्यावर दिवे लावणं ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. जमलं तर करू, असं नाही. पण पैसा सर्वसाधारण करातून. यात एक न्याय आहे. रस्त्यावरचा दिवा माझ्यासाठी किती जळला आणि तुमच्यासाठी किती, हे मोजणार कसं? म्हणून कर आणि शुल्क यांत फरक. शुल्क विशिष्ट सेवेच्या बदल्यात, कर सर्वांच्या भल्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या शिरूर मठ खटल्यात हा फरक स्पष्ट केला.

मात्र ज्या कामाची वेगळी ओळ नसते, त्याची आठवणही कमी होते, असं माझं मत आहे. मुंबईने मैलापाणी आणि पावसाचं पाणी वेगळं करायचं ठरवलं. मैल्याला पंप मिळाले, कर मिळाला. पावसाच्या नाल्यांची क्षमता मात्र ताशी २५ मिलिमीटरच्या आसपास राहिली, तीही ओहोटी असताना. ती दुप्पट करा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३मध्ये तयार होता. तो बराचसा कागदावर राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कुठलाही नाला पेलू शकला नसता, हे मान्य. पण हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली पावसाच्या पाण्याची पंपिंग स्टेशनं त्यानंतर उभी राहिली, आधी नाही.

आणि शेवटचं. कायद्यातलं ‘हलालखोर’ हे नाव पुढे दुरुस्तीत गेलं, ‘मलनि:सारण’ आलं. टोपल्याही गेल्या. पण हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालायला १९९३मध्ये एक कायदा लागला, २०१३मध्ये दुसरा. तरीही गटारात उतरून माणसं मरतात. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

म्हणून पुढचं बिल आलं की भरा, जरूर भरा. पण त्याआधी त्या ओळी एकदा वाचा. १८७१मध्ये लोकांनी वाचल्या, म्हणून तर विचारायचा हक्क आला. आपण काय विचारायचं? नालेसफाई पावसाआधी झाली का? आपल्या गल्लीतला दिवा किती दिवस बंद आहे? आणि आपल्या सोसायटीचं चेंबर तुंबतं तेव्हा आत यंत्र उतरतं, की माणूस? इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.